'पालघरचे पेशंट ठाण्यात घेत नाहीत' हे खोटं आहे

ठाण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या आजींना रांगेतल्या कुणीतरी सांगितलं, "जिल्हे वेगळे झाले, आता इथे घेत नाहीत." रिपोर्टची पिशवी छातीशी धरून त्या परत निघाल्या होत्या.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला, तो कारभारापुरता. उपचारांच्या हक्काची वाटणी झाली नाही. तातडीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयाने उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय. जिल्हे तोडा नाहीतर जोडा, बदलतात ते अधिकारी आणि निधीचे रस्ते. डेन्मार्कने २००७ मध्ये जुने परगणे मोडून रुग्णालयं ५ प्रांतांकडे सोपवली. तिथेही प्रांताबाहेरचं सरकारी रुग्णालय निवडता येतं.

आजींचा केसपेपर निघाला. पत्ता जव्हारचाच.