तोफ मागे, ड्रोन डोक्यावर

पुढे गेलेलं पायदळ कुठेतरी अडकलं की मागून मारा करून त्याला मोकळं करायचं, ह्याला फायर सपोर्ट म्हणतात, आणि हे काम वर्षानुवर्षं तोफा, मॉर्टर आणि नंतर विमानं करत आलीत. त्यात एक जुनी गोची आहे. ज्याला शत्रू दिसतोय त्याच्याकडे तोफ नसते आणि ज्याच्याकडे तोफ आहे तो १५-२० किलोमीटर मागे, त्याला काहीच दिसत नाही. मग वायरलेसवर जागा सांगा, पहिला गोळा कुठे पडला बघा, अजून डावीकडे घ्या म्हणा, परत मारा... तोवर समोरचे पसार!

ड्रोनने बघणारा आणि मारणारा एकत्र आणला. २००१ मध्ये अमेरिकेने आपल्या प्रिडेटर ड्रोनवर हेलफायर मिसाइल बसवलं, आणि गंमत म्हणजे ह्या मिसाइलचं वजन ५० किलोच्या आतबाहेर, म्हणजे १५५ मिमी तोफेच्या एका गोळ्याएवढंच. स्फोटाची ताकद वाढली नाही, नेम वाढला. ड्रोन लक्ष्यावर डोळ्याला न दिसणारा लेसर टाकतो, तो परत उधळतो आणि मिसाइलच्या नाकातला सेन्सर तो पकडून तिकडेच जातो. लेसरच्या पल्सना कोड असतो त्यामुळे दुसऱ्याच कोणाचा लेसर असला तरी गोंधळ होत नाही, पण मध्ये दाट ढग आले की खेळ खलास.

दुसरी ताकद म्हणजे टिकून राहणं. अमेरिकेचा रीपर किंवा तुर्कीचा टीबी२ ड्रोन एका दमात २४ तासांहून जास्त हवेत राहू शकतो, फायटर जेटला हे टँकरशिवाय (म्हणजे हवेतच इंधन भरणाऱ्या विमानाशिवाय) जमतच नाही. पण जास्त वेळ बघितलं म्हणजे बरोबर ओळखलं असं नाही हां. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकेने एका गाडीवर ड्रोनने कित्येक तास नजर ठेवून मग मारा केला, आणि मेले ते १० सामान्य लोक, त्यात ७ लहान मुलं.

शिवाय हे मोठे ड्रोन संथ असतात. अफगाणिस्तानात पाडणारं फारसं कोणी नव्हतं, २०२० मध्ये काराबाखच्या लढाईत अझरबैजानच्या टीबी२ ने आर्मेनियाचे रणगाडे टिपले, पण युक्रेनमध्ये सुरुवातीचे काही महिने सोडले तर रशियाच्या एअर डिफेन्सपुढे त्याला मागे सरकावं लागलं. जागा घेतली ती चार पंख्यांच्या स्वस्त एफपीव्ही ड्रोननी, खाली आरपीजीचा (खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी रॉकेटचा) दारूगोळा बांधलेला आणि ऑपरेटरच्या डोळ्यावर गॉगल, त्यात त्याला ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं दिसतं. त्यांचा रेडिओ सिग्नल जॅम व्हायला लागला तर लोकांनी मागे केसासारखी बारीक फायबर ऑप्टिक केबल सोडत जाणारे ड्रोन काढले, ती १०-१५ किलोमीटर उलगडत जाते आणि तिला जॅमर काहीच करू शकत नाही.

तरी तोफा संपल्या म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. धुकं, पाऊस, वादळी वारा, तोफेला फरक पडतो पण थोडाच. आणि तासभर सलग मारा करून शत्रूला खंदकातून डोकंच वर काढू न देणं हे एकेक लक्ष्य टिपणाऱ्या ड्रोनचं काम नाही. म्हणून तर युक्रेनमधले तोफखानेही आता छोटा ड्रोन वर पाठवून गोळा कुठे पडला ते स्क्रीनवर बघतात आणि पुढचा नेम सुधारतात.