दाराला तेल पाजायचे, मग रंग आला

जुन्या नाशकात सरकारवाड्याच्या आसपास किंवा पंचवटीत जे वाडे अजून तग धरून आहेत ना, त्यांची सागवानी दारं जरा हात लावून बघा. सागात मुळातच तेल असतं, त्यात वरून जवसाचं तेल पाजायची पद्धत होती, आणि जवसाचंच का तर ते हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडात मुरल्यावर घट्ट होतं, शेंगदाण्याचं तसं सुकत नाही, चिकट राहून धूळ धरतं. चकाकी हवी असेल तर चपडा लाख, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश, पण ते आतल्या दारांना, पाणी लागलं की लाखेवर पांढरे डाग पडतात.

डब्यातला ऑइल पेंट आधी विलायतेहून यायचा. १९०२ मध्ये कोलकात्याजवळ हावड्याला शालिमारचा कारखाना निघाला, १९४२ मध्ये युद्धामुळे आयात बंद असताना मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली आणि मग हळूहळू डबा गावोगावी पोचला. रंगाऱ्याची लांबी, म्हणजे भेगा-खड्डे भरायचा लगदा, मात्र तेव्हाही खडूची पावडर आणि बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, यांचीच, त्यामुळे जवस सुटला नव्हताच.

त्या रंगांत शिसं असायचं, जुना सफेदा, म्हणजे पांढरा रंग, तर बहुतेक शिशाचाच. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्यामुळे जुनं दार कोरडं घासू नका प्लीज, पाणी मारून घासा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

रंग आल्यावर एक गोष्ट मागे पडली आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. तेल आत मुरायचं, रंग वर बसतो, आणि आपण फक्त दिसणाऱ्या बाजू रंगवतो. दाराची वरची आणि खालची कड कोरीच, तिथेच उभ्या फळ्यांचे रेशे उघडे असतात आणि पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दार चौकटीला घासतं, सुतार येऊन रंधा मारतो, कोरं लाकूड परत उघडं पडतं आणि पुढच्या पावसात तेच. फ्लश डोअर, म्हणजे प्लायचं सपाट दार, असेल तर प्लायचे थर सुटायला लागतात. रंधा मारायचाच तर दिवाळीनंतर लाकूड सुकल्यावर, दार बिजागरीतून काढून, आणि परत बसवायच्या आधी चारही कडांना अस्तर (प्राइमर) आणि रंगाचे दोन हात.