वाळूवर वाढलेलं ताट

लक्षद्वीपमध्ये माती नाही. म्हणजे आपण जिला माती म्हणतो, जिचा चिखल होतो आणि पहिल्या सरीला जिचा वास सुटतो, ती नाही. सगळी बेटं मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, वस्ती त्यांतल्या दहा बेटांवर, आणि पायाखाली सगळीकडे प्रवाळाचा, शिंपल्यांचा नि चुना धरणाऱ्या शैवालाचा पांढरा चुरा. ज्याची झीज होऊन माती व्हावी असा डोंगर नाही, गाळ आणून टाकणारी नदी नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची तर काही मीटरच. तरीही इथे पिढ्यानपिढ्या माणसं राहिली. ती कशाच्या जोरावर, हे तिथल्या जेवणातून बरंचसं उलगडतं. यातला भात बाजूला ठेवू. तांदूळ पूर्वीपासून किनाऱ्यावरून येतो. एके काळी काथ्या देऊन तो घेतला जाई, आता रेशनवर मिळतो.

आधी पाणी. जुन्या घरांच्या मागे विहिरी दिसतात, पण आपल्याकडच्या विहिरींची सवय असलेल्याला त्या खड्ड्यासारख्या वाटतील, कारण पाणी पुरुषभर खोलीच्या आसपासच लागतं. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि विहिरीत गोडं पाणी, हे कसं? पावसाचं पाणी वाळूतून सरळ खाली उतरतं. खालच्या वाळूत समुद्राचं पाणी आधीच शिरलेलं असतं. ते गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी जड असतं, तेवढ्या फरकावर पावसाचं पाणी त्याच्यावर तरंगत राहतं. हा थर बेटाच्या मध्याशी जाड आणि कडेला पातळ असतो, म्हणून भूजलशास्त्रात त्याला गोड्या पाण्याचं भिंग म्हणतात. त्याचा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडोन गायबेन या डच अभियंत्याने आणि पुढे १९०१ साली हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने मांडला: समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक वीत असेल, तर खाली ते चाळीस वितींपर्यंत असायला हवं.

कागदावर हे फार सुखाचं वाटतं. प्रत्यक्षात भरती-ओहोटी हा थर रोज हलवत असते (विहिरीची पातळीसुद्धा तिच्यासोबत वरखाली होते), सीमेवर गोडं-खारं मिसळतं आणि लहान बेटावर पिण्याजोगं पाणी काही मीटरच उरतं. पोहऱ्याने पाणी शेंदलं तर वरचा थर हलकेच निघतो. विजेचा पंप लावून भराभर ओढलं, तर त्या जागी वरचा भार कमी होतो आणि खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. एकदा चढलेलं लवकर उतरत नाही. पंप आले आणि विहिरी मचूळ झाल्या, ही तक्रार जगातल्या बहुतेक प्रवाळबेटांवर ऐकू येते. शिवाय शोषखड्ड्यांतलं सांडपाणीही त्याच वाळूत मुरतं.

यावर २००५ साली कवरत्ती बेटावर निघालेला उपाय मला फार आवडतो. राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तिथे दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभारला. पाणी उकळायचं नाही, गाळायचंही नाही. समुद्राच्या पृष्ठभागाचं साधारण २८ अंश तापमानाचं पाणी जवळजवळ निर्वात टाकीत सोडलं की दाब कमी असल्यामुळे त्यातल्या थोड्या पाण्याची तिथल्या तिथे वाफ होते. साडेतीनशे मीटर खोलीवरून बारा-तेरा अंशांचं गार पाणी वर आणून त्याने ती वाफ थंड केली की गोडं पाणी हाती येतं. बेटाचा उतार इतका उभा, की ती खोली गाठायला किनाऱ्यापासून फार दूर जावं लागत नाही. असेच प्रकल्प पुढे मिनिकॉय आणि अगत्ती बेटांवरही झाले.

आता झाडं. चुन्याच्या या वाळूत सामू आठच्या आसपास असतो, आणि अशा जमिनीतलं लोह झाडाच्या मुळांना उचलता येत नाही. परसात लावलेल्या कुठल्याही नाजूक रोपाचं कोवळं पान जवळून पाहा: पान पिवळं पडलेलं आणि त्यात शिरांची जाळी तेवढी हिरवी, ही लोह न मिळाल्याची खूण. जुन्या लोकांनी यावर वेगळाच मार्ग काढला होता. काही बेटांच्या मध्यभागी त्यांनी जमीन खणून थेट पाण्याच्या पातळीजवळ नेली आणि त्या सखल जागेत पालापाचोळा कुजवून अळूसारखी पिकं घेतली. या खोलगट शेतांना तिथे ‘तोट्टम’ म्हणतात. पॅसिफिकमधल्या किरिबाटी बेटांवरही लोक अशाच खड्ड्यांत अळकुड्या पिकवतात. दोन महासागर, अडचण एक, उत्तरही एकच.

परसातलं दुसरं मोठं झाड नीरफणसाचं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांना त्याची ओळख करून द्यायला नको. रव्यात घोळवून तळलेले काप ज्याने खाल्ले, त्याला नीरफणस म्हणजे काय ते कळलं. पण आपल्याकडे तो तोंडीलावण्यापुरता आणि बेटांवर पोटभरीचा, कारण त्याच्या गरात पिष्ट पदार्थ भरपूर असतात. खाण्यात असलेल्या बहुतेक नीरफणसांत बी नसते. त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरतच नाही. मग झाड वाढवायचं ते मुळांतून फुटलेला धुमारा काढून. याचा अर्थ हे झाड समुद्र ओलांडून स्वतःहून कुठेच गेलेलं नाही. न्यू गिनीच्या बाजूच्या त्याच्या रानटी पूर्वजापासून पुढचा सगळा प्रवास त्याने माणसाच्या होडीत बसून केला.

नारळाचं उलट. त्याला होडी लागत नाही. सोडणाच्या काथ्यात हवा अडकलेली असते, बाहेरची साल पाणी लवकर आत घेत नाही, आणि तीन-तीन महिने समुद्रात वाहिलेलं फळही किनाऱ्याला लागून रुजू शकतं. आतलं खोबरं आणि पाणी ही कोंबाची शिदोरी. वाळू काही देईना तरी पहिले काही महिने निभावतात. मात्र सगळे नारळ आपापले वाहत गेले असंही नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात जगभरातल्या तेराशेहून अधिक नारळांची तपासणी झाली. त्यांत दोन ठळक घराणी निघाली, एक पॅसिफिकचं आणि दुसरं हिंदी महासागराचं. या दुसऱ्या घराण्याची लागवड माणसाने जिथे सुरू केली असावी, त्या भागात दक्षिण भारत, श्रीलंका आणि मालदीवबरोबर लक्षद्वीपही येतं.

लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, तरी पोयी, म्हणजे माडाचे न उमललेले फुलोरे, कापून माडाचा रस काढतातच. त्या रसात साखर असते पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि हवेतली यीस्ट काही तासांत तिच्यावर ताव मारते. म्हणून रस लगेच आटवून त्याचा गूळ करायचा. नाहीतर उलट वागायचं, पूर्ण आंबू द्यायचं: यीस्ट साखरेचा अल्कोहोल करते, त्यामागून येणारे जीवाणू अल्कोहोलचं आम्ल करतात आणि शिर्का तयार होतो. गोव्यातला माडाचा शिर्का याच रीतीने होतो. फरक इतकाच की तिथे लोक मधल्या मुक्कामावरही थांबतात.

आणि मासा. लक्षद्वीपचा मासा म्हणजे ट्यूना, त्यातही पट्ट्यांचा स्किपजॅक. आपल्या किनाऱ्यावर त्याच्या जातभाईंना कुपा, गेदर म्हणतात. मिनिकॉयचे लोक तो जाळ्याने पकडत नाहीत. लगूनमधून, म्हणजे बेट आणि प्रवाळभित्ती यांच्यामधल्या उथळ पाण्यातून, बोटभर लांबीचे चंदेरी मासे जिवंत धरतात, होडीच्या पोटातल्या खेळत्या पाण्याच्या कप्प्यात ठेवतात आणि बाहेर खोल समुद्रात थवा दिसला की मूठमूठ उधळतात. शिवाय पाण्याचे फवारे मारतात, म्हणजे पृष्ठभागावर लहान माशांची झुंबड उडाल्यासारखं दिसतं. थवा पिसाळतो. मग होडीच्या मागच्या टोकाला उभे राहून लांब काठीने एकेक मासा उचलायचा. गळाला मागचा काटा नसतो, त्यामुळे काठीला हिसका दिला की मासा गळातून सुटून होडीत पडतो आणि गळ पुन्हा पाण्यात जातो.

ट्यूनाचं अंग सभोवतालच्या पाण्याहून गरम असतं. पोहणाऱ्या स्नायूंत तयार झालेली उष्णता वाया जाऊ नये म्हणून गरम आणि गार रक्ताच्या बारीक वाहिन्या त्याच्या शरीरात एकमेकींना चिकटून उलट्या दिशांनी वाहतात. त्यामुळे तो वेगाने आणि लांबवर पोहतो, पण मेल्यावर हीच ऊब नडते. त्याच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि उन्हात जीवाणू त्याचं हिस्टामीन करतात. असा मासा खाल्ला की चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. आणि तयार झालेलं हिस्टामीन शिजवून जात नाही.

‘मास्मीन’ हे यावरचं बेटांचं उत्तर. मासा त्याच दिवशी साफ करून त्याच्या लांब फोडी करायच्या, खारट पाण्यात उकडायच्या, सोडणांच्या धुरावर धरायच्या आणि दिवसेंदिवस उन्हात वाळवायच्या. उकडल्याने जीवाणू मरतात, धुरातली फिनॉलसारखी रसायनं चरबी खवट होऊ देत नाहीत, ऊन उरलंसुरलं पाणी काढून टाकतं. होणारी वस्तू काळपट आणि लाकडासारखी टणक. ती सुरीने कापली जात नाही, ठेचावी लागते आणि तिचे तंतू-तंतू निघतात. पावसाळ्यात समुद्र खवळला, होड्या ओढून ठेवल्या की हीच साठवण कामी येते. मालदीवमध्ये १३४३-४४ च्या सुमारास काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने या माशाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तेव्हाही तो भारत, चीन आणि येमेनला जात होता. जपानी लोक ज्याच्या कीसापासून सूप बनवतात तो कात्सुओबुशीही याच स्किपजॅकचा.

ही मासेमारी मिनिकॉयची जुनी. इतर बेटांवर ती सरकारी मत्स्य विभागाने १९६० च्या दशकापासून पसरवली. उद्देश उत्पन्न वाढवण्याचा होता, पण तिचा एक फायदा कोणी फारसा मोजला नव्हता: बेटांचं जेवण खोल समुद्रातून येऊ लागलं आणि प्रवाळभित्तीवरचे मासे बऱ्याच अंशी वाचले. त्यांतला पोपटमासा महत्त्वाचा. दात जुळून झालेल्या चोचीने तो मेलेल्या प्रवाळावरचं शैवाल खरवडतो, चुनखडीसकट गिळतो, घशातल्या दातांनी दळतो आणि मागून पांढरी वाळू टाकतो. मालदीवच्या वक्कारू बेटाभोवती २०१५ साली झालेल्या मोजणीत तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांची निघाली. म्हणजे हा मासा मोठ्या प्रमाणावर खाणं म्हणजे आपल्याच अंगणाची भरणी थांबवणं. पर्यटकांच्या ताटासाठी ‘रीफ फिश’ची मागणी वाढते तेव्हा मला म्हणून काळजी वाटते, ट्यूना तिथे ताजा मिळतो आणि चवीला कमीही नाही.

पण ट्यूनाची मासेमारीही प्रवाळापासून सुटी नाही. आमिषाला लागणारे ते चंदेरी मासे लगूनमध्ये आणि प्रवाळाच्या फांद्यांच्या आसऱ्याने राहतात. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून इथले प्रवाळ पांढरे पडले. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती इथल्या दीर्घ नोंदींनुसार जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९८ मधल्या सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत २० टक्क्यांच्या खाली आलं. आमिष मिळालं नाही, तर बाहेर ट्यूनाचे थवे कितीही असले तरी काठीवाल्यांची होडी त्या दिवशी निघत नाही.