शीत विश्रांतीस्थान (कामगारांसाठी)

उष्ण वातावरणात काम करणाऱ्यांना मधे थांबून अंगातली उष्णता उतरवता यावी म्हणून मालकाने करून दिलेली सावलीची, वाऱ्याची किंवा वातानुकूलित जागा. कारखान्यातली विश्रांतीची खोली, बांधकामावरची शेड, रोजगार हमीच्या कामावरचा मांडव, घरपोच सेवा देणाऱ्या दुचाकीस्वारांसाठीचा वातानुकूलित थांबा ही तिची नेहमीची रूपे. जागेइतकेच तिथले पिण्याचे पाणी महत्त्वाचे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे बसलेल्या वेळेची मजुरी बुडता कामा नये. बहुतेक योजना या शेवटच्या अटीवर अडतात.

अंगमेहनत करताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने अंगातच निर्माण होतो. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे सुमारे ३५° सेल्सियसपेक्षा गरम झाली की ही उष्णता बाहेर टाकायला घाम वाळणे हाच मार्ग उरतो. हवा दमट असेल तर तोही अरुंद होतो. शरीराच्या आतले तापमान ३८° च्या वर बराच वेळ राहिले की थकवा, चक्कर, चुका आणि अपघात वाढतात. ४०° च्या आसपास उष्माघात होतो आणि तो जीव घेऊ शकतो. थंड जागेत वेळेवर बसल्यास ही चढण मधेच तुटते. नव्या माणसाला ही गरज अधिक, कारण उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात.

नुसत्या तापमापकावरून विश्रांतीची वेळ ठरवणे फसवे असते. त्यासाठी दमटपणा, ऊन आणि हवेचे तापमान एकत्र धरणारा डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर) हा निर्देशांक वापरतात. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण छावण्यांत जवान उष्णतेने दगावत, त्यावरून १९५० च्या दशकात तो तयार झाला. उघड्यावर मोजताना त्यात ओल्या वातीच्या तापमापकाला (हवा दमट असेल तर याचा आकडा चढतो) ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के वजन असते. चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यापेक्षा मुंबईचा दमट मे महिना आकड्याने सौम्य दिसला, तरी कामगाराच्या अंगाला तो तेवढा सौम्य नसतो, हे या वाटणीवरून कळते.

जागा कशी असावी हेही हवामानावर ठरते. विदर्भात वाळ्याचा किंवा गवताचा कूलर उत्तम चालतो. कोकण किनाऱ्यावर तोच कूलर खोलीतला दमटपणा वाढवतो. पंखा उपयोगी खरा, पण चाळिशीपार गेलेल्या कोरड्या हवेत तो गरम वाराच अंगावर फेकतो. सर्वांत फसवी जागा म्हणजे पत्र्याची शेड. ऊन अडते, पण तापलेला पत्रा वरून उष्णता सोडत राहतो आणि दुपारी तिच्यापेक्षा निंबाची सावली बरी वाटते. पत्र्यावर पाचट किंवा गवताचा थर टाकला, त्याला पांढरा चुना मारला किंवा खाली आतले छत बसवले तर फरक पडतो. कोल्हापुरातल्या फाउंड्र्यांमध्ये अडचण वेगळी असते. वितळलेल्या लोखंडाचा ताव समोरून अंगावर येतो. म्हणून भट्टी दिसणार नाही अशा आडोशालाच बसायची जागा हवी. पण ती फार लांबही नको. पाच मिनिटांची सुट्टी असेल आणि जाण्यायेण्यातच चार मिनिटे जात असतील, तर कुणी जात नाही.

भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४७ ने दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना विश्रांतीची खोली सक्तीची केली. ती खोली 'थंड आणि स्वच्छ' असावी असे कलमात म्हटले होते. थंड म्हणजे किती अंश, हे मात्र तिथे नव्हते. अडीचशेहून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून देण्याची अटही होती. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने खोलीसाठीची मर्यादा पन्नास कामगारांपर्यंत खाली आणली. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यातही कामावर पाणी, प्रथमोपचार पेटी आणि सावली यांची तरतूद होती.

आकडे बांधून देण्यात कॅलिफोर्निया पुढे आहे. तिथे २००५ पासून शेतमजूर आणि बांधकाम कामगारांसाठी नियम आहे. तापमान सुमारे २७° च्या वर गेले की सावली उभी करावी लागते, आणि ती सुट्टीवरच्या सर्वांना एकमेकांना न खेटता बसता येईल इतकी मोठी हवी. उन्हात उभी असलेली, वातानुकूलन बंद असलेली गाडी सावली म्हणून चालत नाही. अंग निवण्यासाठी किमान पाच मिनिटे मिळतात आणि सावलीपर्यंत चालत जाण्याचा वेळ त्यात धरत नाहीत. २०२४ मध्ये असाच नियम छपराखालच्या कामांनाही लागू झाला. कतारने २०२१ मध्ये ठरवले की १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरचे काम बंद राहील आणि डब्ल्यूबीजीटी निर्देशांक ३२.१ च्या वर गेला तर कोणत्याही वेळी काम थांबेल.

एवढे करूनही जागा रिकामी राहू शकते. मजुरी नगावर किंवा टनावर असेल तर बसणे म्हणजे कमाई सोडणे. वीटभट्टीवर हजार विटांमागे पैसे मिळतात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी, जिला 'कोयता' म्हणतात, टनावर राबते आणि डोक्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल असते. सरकारी फलक 'दुपारी उन्हात काम टाळा' असे सांगतात, तो सल्ला या लोकांना लागू पडत नाही. मध्य अमेरिकेत ऊसतोड कामगारांमध्ये मूत्रपिंडाचा घातक आजार पसरल्यावर एल साल्वाडोरमध्ये एक प्रयोग झाला. तोडणाऱ्यांच्या टोळीबरोबर पुढे सरकणारे हलके तंबू, पाठीवर पाण्याची पिशवी आणि ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती, अशी त्याची आखणी होती. रोजची तोड घटली नाही, उलट वाढली. त्याच वेळी कोयतेही सुधारून दिले होते, त्यामुळे सगळे श्रेय सावलीला देता येत नाही. पण विश्रांतीने उत्पादन बुडते ही मालकांची भीती तिथे तरी खोटी ठरली. महाराष्ट्रात हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि शेवटचे दोन महिने उन्हाचे असतात. हलता तंबू इथेही उभा करता येईल, पण त्याचा खर्च कारखान्याने सोसायचा की मुकादमाने, हे ठरल्याशिवाय तो फडात येणार नाही.