प्लेऑफची शर्यत आणि पंचांची शिट्टी : सकाळच्या वादांची पार्श्वभूमी

एप्रिलच्या मध्यावर हापूस हळूहळू आवाक्यात यायला लागतो, चाकरमान्यांच्या सुट्ट्या ठरतात आणि तिकडे अमेरिकेत एनबीएचे, म्हणजे तिथल्या बास्केटबॉल लीगचे, प्लेऑफ (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या) सुरू होतात. बॉस्टनला रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात तेव्हा कुडाळात सकाळचे सहा झालेले असतात. सामना लॉस एंजेलिसला असला तर साडेसात. म्हणजे पहिला क्वार्टर अंथरुणात, दुसरा दात घासताना आणि शेवटची पाच मिनिटं एसटीच्या खिडकीशी मोबाइल धरून, रेंज जाते त्या वळणापर्यंत. जूनमध्ये फायनल येते तोवर मृगाचा पाऊस दारात असतो. तेव्हा कोण जिंकणार याच्याइतकाच लाइट राहणार का, हाही प्रश्न असतो.

सामना संपला की टपरीवर वाद. कोण सहावा, कोण सातवा, हा मोठा की तो, आणि सगळ्यांच्या आधी, "मेल्या, ह्यो फाउल होतो?" क्रिकेटवर भांडताना मागचा इतिहास आपल्याला घरबसल्या पाठ असतो. बास्केटबॉलचं तसं नाही. इथली बरीच भांडणं पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी नियमातून निघालेली असतात, आणि तावातावाने बोलणाऱ्याला तो नियम का आला ते माहीत नसतं.

खेळ आपल्याकडे आला तो वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या वाटेने. जेम्स नेस्मिथने १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला तो तयार केला, तेरा नियम लिहिले आणि फळांच्या दोन टोपल्या गॅलरीला ठोकल्या. भारतात त्याला शिस्त लागली मद्रासमध्ये. तिथे हॅरी बक यांनी १९२० साली वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. मुंबईत तो रुजला नागपाड्यात. अर्जुन पुरस्कार मिळवणारे भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर हे तिथलेच. कोकणात मुंबईचं जे येतं ते सुट्टीवर आलेल्या माणसाबरोबर येतं. कबड्डी, नाटक, क्रिकेटचे बॅट-पॅड, सगळंच. बास्केटबॉलही तसाच झिरपला, पण थोडा. चार महिने पाऊस आणि कोर्टावर शेवाळ अशा मुलखात हा खेळ खेळण्यापेक्षा बघण्याचा जास्त झाला, त्यात नवल नाही.

आता अमेरिकेकडे. आजच्या एनबीएची मूळ लीग १९४६ साली स्थापन झाली आणि १९४९ मध्ये दुसऱ्या लीगशी विलीन होऊन तिला हे नाव मिळालं. सुरुवातीला खेळ कंटाळवाणा होता. आघाडी मिळाली की चेंडू दाबून बसायचं. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. हा पूर्ण अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामन्याचा स्कोअर आहे. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या जॉर्ज मायकनचे. पैसे देऊन आलेला प्रेक्षक असा सामना किती वेळा बघणार? १९५४ मध्ये सिराक्यूजच्या संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला: चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून १२० च्या आसपास फेकी होतात, सामना २८८० सेकंदांचा, म्हणजे एका फेकीला २४ सेकंद. तेवढ्यात चेंडू बास्केटकडे टाकलाच पाहिजे असं ठरलं, आणि तेच घड्याळ आजही बास्केटच्या वर चालतं.

मायकनमुळे आणखी एक गोष्ट झाली. तो इतका उंच आणि दणकट होता की बास्केटखालची रंगवलेली पट्टी, जिथे चढाई करणाऱ्याला फार वेळ थांबता येत नाही ती, ६ फुटांवरून १२ फूट करावी लागली. पुढे विल्ट चेंबरलेन आला, त्याच्या काळात ती १६ फूट झाली. एका माणसासाठी मैदानाच्या रेषा हलवणारा खेळ हा. त्यामुळे 'लीग स्टार खेळाडूंना झुकतं माप देते' हा आरोप आजचा, मोबाइलच्या जमान्यातला असं समजू नये. लीग स्टारभोवतीच वाढली, कधी त्याला अडवण्यासाठी नियम करत, कधी त्याला मोकळं सोडण्यासाठी. १९७९ मध्ये लॅरी बर्ड आणि मॅजिक जॉन्सन एकाच वेळी आले आणि तीन गुणांची रेषाही त्याच हंगामात आली, तरी १९८० च्या फायनलचा निर्णायक सहावा सामना अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी रात्री उशिरा रेकॉर्डिंग म्हणून दाखवला गेला. नवख्या मॅजिकने त्यात ४२ गुण केले होते! मग मायकल जॉर्डन आला, आपल्याकडे केबल आलं, आणि त्याचं नाव कधी चेंडू हातात न धरलेल्या पोरांनाही पाठ झालं. २००४ च्या हंगामात बचावपटूने समोरच्याला हाताने अडवण्यावर कडक बंदी आली आणि गार्ड लोकांचे, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणाऱ्यांचे, गुण वाढले. 'जॉर्डनला मारत होते, आताच्यांना हातसुद्धा लावत नाहीत' हे टपरीवरचं वाक्य त्या बदलातून आलंय. वाक्य बरोबर आहे. फक्त त्यावरून कोण मोठा ते ठरत नाही.

शर्यतीचा गोंधळ वेगळा. पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांतून आठ-आठ संघ प्लेऑफमध्ये, ही रचना १९८४ पासून. दोन्हीकडची ताकद सारखी नसते हीच अडचण. २०१४ मध्ये पश्चिमेतला फिनिक्स ४८ सामने जिंकून घरी बसला आणि पूर्वेतला अटलांटा ३८ जिंकून, म्हणजे हरलेले सामने जास्त असूनही, प्लेऑफमध्ये गेला. सगळे सोळा एकाच यादीत घ्या, ही मागणी तेव्हापासून दर वर्षी होते आणि दर वर्षी बाजूला पडते.

याहून मासलेवाईक गोष्ट २००६ ची. तेव्हा प्रत्येक विभागातल्या तीन गटांच्या विजेत्यांना पहिले तीन क्रमांक हक्काने मिळायचे. डेन्व्हर आपल्या गटात पहिला आला तो फक्त ४४ विजयांवर, तरी तिसरा क्रमांक त्याचा. मेम्फिस आणि लॉस एंजेलिसचे क्लिपर्स यांच्यात पाचवा कोण, सहावा कोण हे ठरायचं होतं. पहिल्या फेरीत पाचव्याला चौथा, म्हणजे ६० सामने जिंकलेला डॅलस भेटणार होता. सहाव्याला तिसरा, म्हणजे डेन्व्हर, आणि विजय जास्त असल्यामुळे वर घरच्या मैदानाचा फायदाही. म्हणजे हरलात तर बरं! हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात क्लिपर्स मेम्फिसकडून हरले, सहावे झाले आणि डेन्व्हरला सात सामन्यांच्या मालिकेत ४-१ ने हरवून पुढे गेले. जिंकलेल्या मेम्फिसला डॅलसने ४-० ने झोपवलं. क्लिपर्सनी मुद्दाम सामना सोडला असं कुणी सिद्ध केलं नाही, पण लीगने पुढच्याच हंगामात क्रमवारीचा नियम बदलला. वाकड्या नियमाचा फायदा घेणारा संघ मला दोषी वाटत नाही. नियम करणाऱ्याने आधी गणित घालून बघायला हवं होतं.

'प्ले-इन' ही त्याच दुरुस्त्यांमधली अलीकडची. २०२० मध्ये कोविडच्या काळात प्रयोग झाला आणि २०२१ पासून आजचं रूप आलं: सातवा आणि आठवा खेळतात, जिंकणारा सातवा होतो. नववा आणि दहावा खेळतात, हरणारा बाहेर. उरलेल्या दोघांत आठव्या जागेचा फैसला. शेवटच्या आठवड्यांत खालच्या संघांनी हातपाय गाळू नयेत हा हेतू. लेकर्सचा स्टार लेब्रॉन जेम्स त्या वेळी म्हणाला होता की ही कल्पना ज्याची असेल त्याला नोकरीवरून काढलं पाहिजे. काही दिवसांनी त्याच्याच लांबून मारलेल्या तीन गुणांवर लेकर्सनी प्ले-इनचा सामना जिंकला. २०२३ मध्ये मायामी या वाटेने आठवा म्हणून आत शिरला आणि थेट फायनलला पोचला.

पण खरी खडाजंगी होते ती पंचांवर. एके काळी दोनच पंच असायचे. १९८८ च्या हंगामापासून तीन झाले. दहा धिप्पाड माणसं एका अरुंद जागेत एकमेकांना रेटत असताना कुठला धक्का फाउल आणि कुठला खेळाचा भाग, हे क्षणात ठरवायचं. चुका होणारच. मात्र ३१ मे २००२ चा सामना नुसत्या चुकांच्या खात्यात टाकायला चाहते आजही तयार नाहीत. पश्चिम विभागाच्या फायनलचा सहावा सामना, लेकर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज, किंग्ज ३-२ ने पुढे. एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकी) मिळाले. किंग्जचे दोन उंच खेळाडू फाउलची मर्यादा भरून बाहेर बसले. शेवटाकडे कोबी ब्रायंटचं कोपर माइक बिबीच्या तोंडावर लागलं, तरी शिट्टी नाही. लेकर्स १०६-१०२ ने जिंकले. ग्राहक चळवळीतले राल्फ नेडर यांनी तर लीगच्या आयुक्तांना पत्र लिहिलं. एक गोष्ट मात्र किंग्जचे कैवारी सहसा सांगत नाहीत: सातवा सामना त्यांच्या स्वतःच्या मैदानावर होता, त्यात त्यांनी ३० पैकी १४ फ्री थ्रो वाया घालवले आणि ते जादा वेळेत हरले. तिथे अडवायला पंच नव्हते.

तरीही हा संशय टिकला, कारण २००७ मध्ये टिम डोनागी प्रकरण बाहेर आलं. एनबीएचा हा पंच स्वतः पंचगिरी केलेल्या सामन्यांवर पैसे लावत होता आणि आतली माहिती जुगाऱ्यांना देत होता. त्याने गुन्हा कबूल केला आणि २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच दरम्यान त्याच्या वकिलाने कोर्टात जे कागद दिले त्यात २००२ च्या एका सहाव्या सामन्यात दोन पंचांनी सामना फिरवल्याचा आरोप होता. लीगने तो फेटाळला आणि नेमलेल्या चौकशीत दुसरा कुठला पंच दोषी निघाला नाही. पण 'पंचाक पैसे गावले काय रे?' हा प्रश्न तेव्हापासून गंमतीचा राहिला नाही.

लीगने उत्तर दिलं ते पारदर्शकतेचं. २०१४ मध्ये न्यू जर्सीत सिकॉकसला रिप्लेचं केंद्र उघडलं. मार्च २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर होऊ लागला: कुठली शिट्टी बरोबर, कुठली चूक, कुठली वाजायला हवी होती आणि वाजली नाही. २०१९ पासून प्रशिक्षकाला निर्णयावर दाद मागता येऊ लागली. हेतू चांगला. पण सातबाऱ्याचा उतारा हातात आल्यावर भाऊबंदकी मिटलेली कोकणात कुणी पाहिली आहे? अहवालाने चूक मान्य होते, निकाल बदलत नाही, आणि हरलेल्याच्या चाहत्याला आता शिक्क्यानिशी कागद मिळतो. पंचांना मात्र पहिल्या सेहेचाळीस मिनिटांबद्दल कुणी विचारत नाही. तिथल्या चुकाही तेवढ्याच मोलाच्या असतात.

शर्यत, स्टार आणि शिट्टी हे तिन्ही वाद एकाच सामन्यात बघायचे तर २८ जानेवारी २०२३ चा घ्यावा. आपल्याकडे रविवारची सकाळ होती. बॉस्टनमध्ये लेकर्स आणि बॉस्टन यांच्यात १०५-१०५ अशी बरोबरी, शेवटचे सेकंद. लेब्रॉन बास्केटकडे उडाला आणि बॉस्टनच्या जेसन टेटमचा फटका त्याच्या हातावर बसला. शिट्टी नाही. लेब्रॉन गुडघ्यांवर कोसळला. त्याचा सहकारी पॅट्रिक बेव्हर्ली एका छायाचित्रकाराचा कॅमेरा घेऊन पंचांना पुरावा दाखवायला गेला आणि त्याबद्दल त्यालाच टेक्निकल फाउल, म्हणजे गैरवर्तनाबद्दलचा फाउल, मिळाला. जादा वेळेत बॉस्टन १२५-१२१ ने जिंकलं. फाउल होता हे पंचांनी सामन्यानंतर मान्य केलं.

हंगाम संपला तेव्हा लेकर्सचे विजय ४३, पश्चिमेतल्याच क्लिपर्स आणि वॉरियर्सचे ४४-४४. लेकर्स सातवे, म्हणून प्ले-इन, तोही जादा वेळेत जिंकावा लागला. पुढे ते विभागाच्या फायनलपर्यंत गेले आणि डेन्व्हरने त्यांना ४-० ने घरी पाठवलं. बॉस्टनची ती शिट्टी वाजली असती, लेब्रॉनने फ्री थ्रो घातला असता, तर तिघे ४४ वर. मग बरोबरीत वर कोण, सहाव्याला किंग्ज मिळाले असते की पाचव्याला फिनिक्स, आणि दमलेले पाय डेन्व्हरसमोर थोडे ताजे राहिले असते का, यावर कुडाळात अजून दोन तट आहेत.