इन्व्होकव्हर्च्युअल आणि इन्व्होकस्पेशल: बाइटकोड वाचताना होणारी गल्लत

जावा प्रोग्रॅम कंपाइल झाला की क्लास फाइलमध्ये त्याचा बाइटकोड, म्हणजे जावाच्या व्हर्च्युअल मशीनसाठीच्या सूचना, साठवला जातो. तो वाचून दाखवणाऱ्या जावापी या साधनाला सी पर्याय देऊन एखादी क्लास फाइल उघडली की मेथड-कॉलच्या जागी इन्व्होकव्हर्च्युअल आणि इन्व्होकस्पेशल या दोन सूचना वारंवार दिसतात. दोन्ही तीन-तीन बाइटच्या: पहिला बाइट ऑपकोड, म्हणजे सूचनेचा स्वतःचा क्रमांक, उरलेले दोन म्हणजे कॉन्स्टंट पूलमधल्या (क्लास फाइलमधल्या नावांच्या आणि स्थिरांकांच्या तक्त्यातल्या) नोंदीचा क्रमांक. दोन्ही स्टॅकवरून आर्ग्युमेंट्स आणि त्यांच्याखालचा ऑब्जेक्ट उचलतात. ऑपकोडसुद्धा लागोपाठचे, 182 आणि 183. बाइटकोड हाताळणारी एएसएम लायब्ररी तर दोन्ही एकाच कॉलबॅकमधून हातात देते, त्यामुळे ऑपकोड न बघता नुसतं क्लासचं आणि मेथडचं नाव तपासणारा कोड दोघींना एकच समजून बसतो.

खरा फरक, कोणती मेथड चालणार हे कधी ठरतं त्यात आहे. इन्व्होकव्हर्च्युअलमध्ये ते चालू प्रोग्रॅममधला ऑब्जेक्ट ठरवतो: त्याचा प्रत्यक्ष क्लास कोणता, त्याने सुपरक्लासची मेथड ओव्हरराइड केली, म्हणजे स्वतः नव्याने लिहिली आहे का. इन्व्होकस्पेशलला ऑब्जेक्टच्या प्रत्यक्ष क्लासशी देणंघेणं नाही. जेडीके 1.0.2 च्या आधी तिचं नावच इन्व्होकनॉनव्हर्च्युअल होतं, आणि माझ्या मते ते जास्त प्रामाणिक होतं.

स्टॅटिक ॲनालिसिसमध्ये प्रोग्रॅम चालवायचा नसतो, म्हणून हा फरक थेट कॉल ग्राफमध्ये, म्हणजे कोणती मेथड कोणाला बोलावते याच्या आलेखात, उतरतो. इन्व्होकस्पेशलसाठी एकच बाण काढायचा. इन्व्होकव्हर्च्युअलसाठी शक्य त्या सगळ्या सबक्लासकडे बाण काढावे लागतात. क्लास हायरार्की ॲनालिसिस नेमकं हेच करतं. इथे आणखी एक खाच आहे. सूचनेत लिहिलेला क्लास म्हणजे सहसा व्हेरिएबलचा घोषित टाइप, मेथड जिथे लिहिली आहे तो क्लास नव्हे. ॲरेलिस्ट टाइपच्या व्हेरिएबलवर टूस्ट्रिंग बोलावलं तर नोंदीत ॲरेलिस्ट दिसतं, मेथडचा मजकूर मात्र ॲबस्ट्रॅक्टकलेक्शनमध्ये असतो. सुपरमार्फत केलेल्या कॉलचंही तसंच: नोंदीत थेट वरच्या सुपरक्लासचं नाव, मजकूर कदाचित त्याच्याही दोन पायऱ्या वर. म्हणजे लक्ष्य एकच असलं तरी ते शोधायला वर चढावं लागतंच. फक्त कन्स्ट्रक्टरच्या बाबतीत नाव आणि जागा हमखास जुळतात.

सर्वात जास्त फसवतो तो समज असा: इन्व्होकस्पेशल दिसलं की प्रायव्हेट मेथड, इन्व्होकव्हर्च्युअल दिसलं की ओव्हरराइड होऊ शकणारी. यातला पहिला भाग, कन्स्ट्रक्टर आणि सुपरचे कॉल वगळले तर, एके काळी बराचसा चालून जायचा. जावा 11 मध्ये नेस्टमेट्स (एकमेकांच्या प्रायव्हेट गोष्टी थेट वापरू शकणारे, एकात एक लिहिलेले क्लास) आले आणि त्या आवृत्तीसाठी कंपाइल करताना जावासी हा कंपायलर प्रायव्हेट मेथडलाही इन्व्होकव्हर्च्युअल लिहू लागला. दुसरा भाग तर कधीच खरा नव्हता, कारण फायनल मेथडचे कॉलही इन्व्होकव्हर्च्युअलनेच होतात. तेव्हा प्रायव्हेट की फायनल, हे ऑपकोडवरून ओळखायच्या भानगडीत पडू नये. आधी मेथड शोधावी, मग तिचे ॲक्सेस फ्लॅग, म्हणजे प्रायव्हेट, फायनल वगैरेंच्या खुणा, वाचाव्यात. जुन्या जारवर (क्लास फाइलींच्या गठ्ठ्यावर) बेतलेले नियम नव्या जारवर गुपचूप चुकतात, एरर न देता.

उलट बाजूने, इन्व्होकस्पेशल कन्स्ट्रक्टरवर दिसलं म्हणजे नवा ऑब्जेक्ट बनला असंही नाही. न्यू लिहिलं की बाइटकोडमध्ये न्यू, ड्युप (स्टॅकवरच्या किमतीची प्रत काढणारी सूचना), मग आर्ग्युमेंट्स आणि शेवटी इन्व्होकस्पेशल येतं. पण कन्स्ट्रक्टरच्या सुरुवातीचा सुपरचा कॉलसुद्धा इन्व्होकस्पेशलच असतो, आणि त्याने नवीन काही जन्माला येत नाही. समजा, एखाद्या सबक्लासचा कन्स्ट्रक्टर आपल्या सुपरक्लासचाच एक नवा ऑब्जेक्ट बनवून सुपरला आर्ग्युमेंट म्हणून देतो. तिथे एकाच क्लासच्या कन्स्ट्रक्टरवर दोन इन्व्होकस्पेशल दिसतील. कोणती कुठल्या ऑब्जेक्टसाठी, हे सूचनेकडे बघून सांगता येत नाही. स्टॅकवरची किंमत न्यूमधून आली की 0 क्रमांकाच्या लोकल व्हेरिएबलमधून, म्हणजे चालू ऑब्जेक्टमधून, याचा माग काढावा लागतो.

रॅपिड टाइप ॲनालिसिस करताना हे अंगाशी येतं. ते फक्त प्रत्यक्ष बनलेल्या क्लासकडे बाण काढतं. बनलेले क्लास मोजायला कन्स्ट्रक्टरचे कॉल धरले तर ॲबस्ट्रॅक्ट सुपरक्लासही यादीत शिरतात आणि कॉल ग्राफ विनाकारण फुगतो. मोजायची ती न्यू ही सूचना.