मुलांच्या पुस्तकांतला दक्षिण आशिया : कोणी पाहिला, कोणासाठी लिहिला

दक्षिण आशियातल्या मुलांचे स्वतःचे जगणे छापील पुस्तकात उतरायला बराच काळ जावा लागला. गोष्टींची वाण मात्र इथे कधीच नव्हती. पंचतंत्र, जातककथा आणि आजीच्या तोंडच्या कहाण्या यांवर कितीतरी पिढ्या वाढल्या. तरीही छापखाना आल्यावर मुलांच्या हाती आधी पडले ते परक्या मुलखातले वाङ्मय. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये निघालेली ‘बालबोध मुक्तावली’ इसापच्या गोष्टींची होती, आणि सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये मराठीत आणलेला ‘बाळमित्र’ मूळचा फ्रेंच, इंग्रजीच्या वाटेने आलेला. मराठी गद्य घडवण्यात या भाषांतरांचा वाटा मोठा आहे. पण मराठी मूल वाचायला शिकले ते दुसऱ्याच्या अंगणातल्या गोष्टी वाचत, हेही तितकेच खरे.

त्याच शतकाच्या अखेरीस इंग्रज मुलांच्या पुस्तकांत हिंदुस्थान अवतरला तो वाघ, साप आणि जंगल यांच्यासह. मद्रासेत राहणाऱ्या हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंचे १८९९ मधले ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’ पाहिले की या दृष्टीतला घोटाळा नेमका कळतो. त्यात वाघ झाडाभोवती गरगर पळून विरघळतात आणि त्यांचे तूप होते. वाघ आणि तूप दोन्ही इथली, मात्र चित्रातला मुलगा आफ्रिकी माणसांची टवाळी करणाऱ्या त्या काळच्या व्यंगचित्रांतून उचललेला. मूल कुठले, हा प्रश्नच कोणाला महत्त्वाचा वाटला नाही. तब्बल ९७ वर्षांनी, १९९६ मध्ये, याच गोष्टीची भारतीय नावे आणि भारतीय चित्रे असलेली आवृत्ती निघाली.

आपल्या गोष्टी आपणच सांगायला हव्यात, ही जाणीव बंगालमध्ये स्वदेशीच्या चळवळीने तीव्र केली. दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनी खेड्यांतून गोळा केलेल्या कथांचा ‘ठाकुरमार झुली’ (आजीची झोळी) हा संग्रह १९०७ मध्ये आला, तेव्हा प्रस्तावनेत रवींद्रनाथांनी खंत व्यक्त केली की आजीच्या झोळीसारखी अस्सल स्वदेशी वस्तूसुद्धा अलीकडे मँचेस्टरच्या गिरणीतून तयार होऊन येऊ लागली होती. कापडाचा वाद गोष्टींपर्यंत पोहोचला होता. पुढे १९१३ मध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी ‘संदेश’ हे मासिक सुरू केले. महाराष्ट्रात वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ त्याआधीच, १९०६ पासून, निघत होते.

परदेशात राहून इथले जग तिथल्या मुलांपुढे मांडणाऱ्यांत धनगोपाल मुखर्जी अग्रणी ठरतात. कलकत्त्यात वाढून पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर निरोप्याचे काम करणाऱ्या कबुतराची त्यांची कथा, ‘गे-नेक’, हिला बालसाहित्यासाठीचे अमेरिकेतले १९२८ चे न्यूबेरी पदक मिळाले. मराठीत त्यानंतर काही वर्षांतच, १९३५ मध्ये, ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाले. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी आई आपले ओले ओचे धोंड्यावर पसरते, आणि मनाला घाण लागू नये म्हणूनही असाच जप, असे सांगते. शिकवण तर आहेच. पण माझ्या मते हे पुस्तक टिकले ते त्या धोंड्यामुळे आणि त्या ओच्यांमुळे. कोकणातल्या गरीब घराचे असे जवळून दर्शन तोवर मुलांना क्वचितच घडले होते. श्रीलंकेत मार्टिन विक्रमसिंहे यांच्या ‘मडोल दूव’ (१९४७) या सिंहली कादंबरीने दक्षिण किनाऱ्यावरच्या उनाड मुलांना असेच स्थान दिले.

स्वातंत्र्यानंतर प्रकाशनाची यंत्रणा उभी राहिली. ‘चांदोबा’ १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू होऊन नंतर मराठीतही आला. चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट आणि नॅशनल बुक ट्रस्ट या दोन्ही संस्था १९५७ च्या. ‘अमर चित्र कथा’ १९६७ ची. पुराणे आणि इतिहास यांतून घराघरांत पोहोचले, मात्र वस्तीतल्या, कष्टकऱ्यांच्या, आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना त्यात फारशी जागा नव्हती.

अनिता देसाई यांच्या ‘द व्हिलेज बाय द सी’ (१९८२) या कादंबरीचे मोल म्हणूनच वेगळे आहे. अलिबागजवळचे थळ हे तिचे गाव. लीला समुद्रातल्या खडकावर फुले वाहते, आणि तिचा भाऊ हरी खताच्या कारखान्याला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांबरोबर होडीने मुंबई गाठून एका खानावळीत राबतो, घड्याळे दुरुस्त करायला शिकतो. या पुस्तकाला १९८३ मध्ये ब्रिटनचा गार्डियन पुरस्कार मिळाला. थळच्या मुलांची गोष्ट इंग्रजी मुलांनी आधी वाचावी, याची रुखरुख मात्र वाटते.

पुढच्या काळात ब्रिटन-अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांतून नवे लेखक पुढे आले. अशा पुस्तकांसाठी अमेरिकेत २०१२ पासून ‘साउथ एशिया बुक अवॉर्ड’ दिले जाऊ लागले, आणि वीरा हिरानंदानी यांच्या फाळणीवरील ‘द नाइट डायरी’चा २०१९ मध्ये न्यूबेरी सन्मानाच्या यादीत समावेश झाला. इकडे चेन्नईच्या तारा आणि तूलिका या प्रकाशनांनी १९९० च्या दशकात वेगळी वाट धरली. ताराने गोंड चित्रकारांची चित्रे पुस्तकाच्या केंद्रस्थानी आणली. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ खुले केल्यावर एकच गोष्ट अनेक भाषांत मोफत मिळू लागली. परदेशी वाचकासाठी लिहिताना पोळी म्हणजे काय, हे सांगावे लागते आणि शेवटी शब्दार्थांची यादी जोडावी लागते. जे मूल रोज पोळी खाते त्याच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात ती यादी नसते, आणि तिची वाचलेली जागा गोष्टीला मिळते.